अबोल्यातला निरोप

हे मी अजून कुणापाशी बोलले नाही. यांच्यापाशीसुद्धा नाही. आज तुमच्यापाशी बोलते — का, ते विचारू नका.

नवं राज्य झालं, राजधानी नागपूरची भोपाळला गेली, तेव्हाची गोष्ट. हे आणि थोरले दीर कचेरीबरोबर भोपाळला गेलेले. इकडे गावी, इतवारा पेठेतल्या घरी सासूबाई, थोरल्या जाऊबाई आणि मी. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्या दिवशी धड्यात 'इग्नोर' आला. मुली म्हणाल्या, माहीत नसणे. मी म्हटलं, छे गं! माहीत असून नसल्यासारखं वागणं. मोठ्या दिमाखात सांगितलं बरं का.

घरात तेव्हा आम्हा जावांचा अबोला चालू होता. कशावरून? पाहुण्यांसमोर जाऊबाई म्हणाल्या, हिला इंग्रजी येतं, फोडणी येत नाही. झालं! आता जी आधी बोलेल ती हरली. अगदीच अडलं तर भिंतीकडे बघून बोलायचं — "कुणीतरी बघा, दूध उतू जातंय."

शाळेतून आले तर दारात गाडीवाला. जाऊबाईंच्या भावाची केळी घेऊन त्यांच्या माहेरून, जवळच्या इच्छापूरहून आलेला. "मास्तरीणबाई, ताईंना सांगजा, मायचं काही खरं नाही. आजच निघा म्हणावं." तो घाईत होता. सांगते म्हटलं. जाऊबाई मागे धुणं धूत होत्या, सासूबाई देवळात. आणि मी — आधी मी बोलू? मीच का? सासूबाई आल्या की त्यांच्याकरवी सांगू... सासूबाई आल्या. मी गप्पच. आता सांगितलं तर विचारतील ना, इतका वेळ काय करत होतीस? निदान भिंतीला तरी सांगायचं! तेही नाही केलं.

दुसऱ्या दिवशी आई गेल्याचाच निरोप आला. जाऊबाई माझ्याच गळ्यात पडून रडल्या. अबोला त्यांनीच मोडला. पुढे भाऊ म्हणाला, गाडीवाला तर म्हणतो मास्तरीणबाईंना सांगितलं होतं. जाऊबाईंनी मला विचारलं. "नाही हो ताई, कुणीच आलं नव्हतं." किती सफाईनं बोलले मी! भावानं त्याला कामावरून काढलं.

नंतरची सगळी वर्षं आम्ही एकाच चुलीशी काढली. "तेव्हा तू होतीस म्हणून मी तगले गं," जाऊबाई म्हणायच्या. मी खाली मान घालून भात कालवत राहायचे. उठून जाणार कुठे?

एकदा इच्छादेवीच्या जत्रेत तो गाडीवाला दिसला. डोक्यावर कुणाचं तरी ओझं. जाऊबाई ओरडल्या, "हाच तो! माझ्या मायची शेवटची भेट चुकवलीस, मेल्या!" तो माझ्याकडे बघत उभा राहिला — मी बोलेन म्हणून.

मी जाऊबाईंचा हात धरला. म्हटलं, "चला ताई, आरतीला उशीर होतोय."