आठ बॅटऱ्यांचे वीजघर

वीज तयार करणारे कारखाने जगात पुष्कळ असतील. पण आठ बिऱ्हाडांच्या चांगुलपणातून वीज काढणारा माणूस मी एकच पाहिला. ते आमचे डोंबिवलीतले वरच्या मजल्यावरचे शेजारी. नव्वदच्या दशकात वीज वारंवार जाई. त्यांनी गच्चीवर भंगारातून मिळवलेली दोन सौर पॅनेल बसवली आणि आठही घरांतल्या बॅटऱ्यांच्या तारा जिन्यातल्या एका पेटीत आणून जोडल्या. पेटीशेजारी फळा टांगला. ज्याने त्याने सकाळी आपल्या नावापुढे 'भरलेली' किंवा 'रिकामी' असे खडूने लिहायचे. वीज गेली की ते शिट्टी फुंकत. एका शिट्टीला पंखे बंद, दोन शिट्ट्यांना दिवेही. ऊन चढले की कोणाची बॅटरी आधी भरायची, हे ते मुंजीच्या पंगतीतल्या वाढप्याच्या गांभीर्याने ठरवीत.

"काकू, मिक्सर थांबवा! चटणी अर्ध्या तासाने वाटलीत तर जग बुडणार नाही," ते जिन्यातून ओरडत.

"जग नाही हो, पण ह्यांचा डबा बुडतो! त्यापेक्षा तुमची शिट्टीच वाटून घालू का चटणीत?" तळमजल्यावरच्या काकू तितक्याच जोरात उत्तर देत.

त्याच काकूंना एका दुपारी दम्याचा जबर झटका आला. वीज नव्हती, आणि औषधाची वाफ देणारे यंत्र विजेवर चाले. आदल्या दिवशी मी माझ्या बॅटरीवर छोटा टीव्ही लावून पूर्ण सामना पाहिला होता, आणि तरीही सकाळी फळ्यावर निर्लज्जपणे 'भरलेली' असे लिहिले होते. तीन शिट्ट्या झाल्या, म्हणजे सगळेच बंद. माझ्या रिकाम्या बॅटरीमुळे यंत्र बंद पडले असेल या धास्तीने मी धावत तळमजल्यावर काकूंच्या दाराशी गेलो. यंत्र मात्र संथपणे घरघरत होते; काकूंच्या ओठांचा निळेपणा ओसरत होता.

"माझी बॅटरी..." मी पुटपुटलो.

"तुमची आज हिशेबात धरलीच नव्हती, साहेब," ते हलकेच म्हणाले. "काल आमच्या फरशीतून धावसंख्या ऐकू येत होती. सकाळपासून माझ्या घरातलं सगळं बंद ठेवलंय, तेवढी भरपाई झाली."

त्यांनी माझे खोटे अक्षर चारचौघांत पुसले नव्हते. दुसऱ्या दिवशी मीच ते पुसून 'रिकामी' लिहिले. संध्याकाळी पाहतो तो त्याच्या पुढे त्यांच्या तिरप्या अक्षरात लिहिलेले होते: 'उद्या भरेल.'

पुढे ते खडवलीला राहायला गेले. आता आमच्याकडे वीज क्वचितच जाते, आणि जिन्यातली शिट्टी कोणालाच आठवत नाही. मी मात्र रोज सकाळी बॅटरी तपासतो, आणि त्या जुन्या फळ्यावर खरे तेच लिहितो.