आंबट वासाचं पुस्तक

दामलेकाका पुस्तक देण्याआधी हात बघत. आधी तळवे, मग नखं. “बोटं दाखव,” म्हणायचे आणि चष्म्यावरून असे पाहायचे की धुतलेले हातही मला मळके वाटू लागत.

न्यूझीलंडमधल्या पोरिरुआत ते आमच्या पलीकडच्या घरात एकटे राहत. नोकरी वेलिंग्टनला, इंजिनिअरची. माझे बाबा रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाकी. आमच्या घरात वाचण्यासारखं म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर आणि मसाल्यांची पाकिटं. काकांकडे मात्र मराठी पुस्तकांनी भरलेलं कपाट होतं. त्याच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला: ‘नाव कमी’ झालेल्या मुलांची यादी. चार जण होते. एकाच्या नावापुढे ‘टोमॅटो सॉस’ एवढंच लिहिलेलं.

“पुस्तक म्हणजे पाहुणा,” ते सांगत. “फक्त त्याला जेवायला घालायचं नसतं.”

२०१३ साली, मी बारा वर्षांची असताना, त्यांनी मला ती कादंबरी दिली. मुखपृष्ठ नाही, पहिली पानं नाहीत, त्यामुळे नाव नाही आणि लेखकही नाही. लहानपणी त्यांना ती रद्दीत सापडली होती. दीपगृहावर राहणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट. पुण्याला गेले की ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांत दुसरी प्रत शोधत. “नाव काय?” दुकानदार विचारायचा. “तेच शोधतोय,” काका म्हणायचे.

मी तोवर एकही कादंबरी पूर्ण वाचली नव्हती. ही मात्र खाली ठेववेना, म्हणून शाळेत नेली. त्या दिवशी पोहण्याचा तास होता. ओले टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, मी दप्तरात कोंबले आणि घरी येईपर्यंत पुस्तक भिजलं. शेवटचं प्रकरण तेवढं वाचायचं राहिलं होतं. घाबरून मी ते गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात टॉवेलांमध्ये वाळत ठेवलं. आमच्या गारठलेल्या घरात इडलीचं पीठ फुगायची तेवढीच एक जागा, आणि वरच्या फळीवर आईचं पातेलं होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

सकाळी दार उघडलं, तर पीठ झाकण उचलून खाली उतरलं होतं. थेट दीपगृहावर.

आईनं आधी पीठ वाचवलं. मग माझ्याकडे पाहिलं. “जा, सांगून ये. आणि रिकाम्या हातानं जाऊ नकोस, इडल्या ने.”

“त्याच पिठाच्या?”

“पीठ चांगलं आहे. चूक तुझी आहे.”

मी काकांपुढे आधी डबा धरला, मग पुस्तक. शेवटची पानं एकमेकांना घट्ट चिकटली होती. त्यांनी पुस्तकाचा वास घेतला. डब्याचाही घेतला.

“शेवटी पाहुण्याला जेवायला घातलंसच.”

ते हसले नाहीत. मी कपाटाकडे पाहत राहिले. पाचवं नाव माझंच, हे मी धरून चालले होते. ते कपाट बंद झालं तर वाचायला कुठे जायचं, मला ठाऊक नव्हतं.

“कुठवर आली होतीस?”

“दिवा विझतो तिथवर. मोठी बहीण होडीत आहे.”

“मग धाकटी काय करते?”

“माहीत नाही,” म्हणताना मला रडू फुटलं. पुस्तकासाठी की त्या बहिणीसाठी, आजही नीट सांगता येत नाही.

काकांनी चिकटलेली पानं नखानं चाचपून पाहिली. “यादी काय, उद्याही लिहिता येते,” ते म्हणाले. “ती पोरगी होडीत आहे. आईला सांग, इडलीपात्रात पाणी उकळत ठेव.”

मग आमच्या स्वयंपाकघरात काका वाफेवर पुस्तक धरत, आई सुरीच्या बोथट बाजूनं पान सोडवी आणि सुटलं की ते मी मोठ्यानं वाची. अक्षरं फुगली होती, काही पुसट झाली होती. एका पानावर आईचा हात थांबला.

“पोहोचते का हो ती किनाऱ्याला?”

काकांना सगळं पुस्तक पाठ होतं. “वाफ येऊ द्या, वहिनी,” एवढंच ते म्हणाले.

२०१९ला मी क्राइस्टचर्चला कॉलेजसाठी निघाले, आमच्या घरातली पहिलीच. त्याच महिन्यात काका निवृत्त होऊन पुण्याला परतणार होते. निरोप घ्यायला गेले तेव्हा कपाट रिकामं होतं. दाराच्या आतल्या यादीत अजूनही चारच नावं होती.

त्यांनी तपकिरी कागदात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. कागदातूनही आंबट वास येत होता. मी सवयीनं हात पुढे केले. आधी तळवे, मग नखं.

त्यांनी पाहिलंच नाही. “राहू दे,” पुस्तक माझ्या हातांवर ठेवत ते म्हणाले. “आता कुणाची बोटं बघायची, ते तू ठरव.”