लाल रेघेचा खुलासा

लाल शाईचा इतका धाक बाळगणारा आणि त्याच शाईने जगाला धाकात ठेवणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. आमचे घरमालक काका सोनपेठच्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, पण त्यांच्या खिशातलं लाल पेन काही रिटायर झालं नाही. लग्नपत्रिका आली की आधी तिच्यातल्या चुका काढणार, मग तारीख बघणार. एकदा त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, किराणा यादीवर त्यांनी शेरा मारला, 'तूरडाळ गेल्याच आठवड्यात आणली होती. खुलासा करावा.' काकू म्हणाल्या, "खुलासा ताटात वाढते, बसा." त्या दिवशी ताटात वरण नव्हतं.

त्यांच्या मुलाने बंगळुरूत केरळच्या मुलीशी लग्न केलं. हे लग्नाला गेले नाहीत आणि तीन वर्षं सुनेचं नाव घरात निघालं नाही. शेवटी काकूंनी धोशा लावला, तेव्हा 'घरी या' असं ईमेलने पत्र लिहायला ते लॅपटॉपपुढे बसले. सुनेला मराठी येत नाही, म्हणून इंग्रजीत. पण ब्राउझरने ओळीओळीखाली लाल रेघा ओढल्या आणि पत्र महिनाभर अडकलं. मी त्यांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, शाळेत शिक्षक. काकूंनी मला जिन्यातच गाठलं. "सर, तेवढ्या रेघा काढा हो. रेघा गेल्या की धाडतो म्हनायलेत. माझं लेकरू कधी यावं घरी?"

मी गेलो तर काका तणतणतच होते. "चाळीस वर्षं असंच इंग्रजी लिवलं, एका साहेबानं चूक काढली न्हाई. ह्यो कोन?" मी सांगितलं, ब्राउझर अमेरिकेचं इंग्रजी धरून तपासतो. "मग करा की त्याची बदली! परभणीत अमेरिकेचा साहेब कशाला पायजे?" मी सेटिंगमध्ये जाऊन ब्रिटिश इंग्रजी जोडलं, तपासणी त्यावर लावली आणि अमेरिकेची बंद केली. निम्म्या रेघा गेल्या. "ह्यो साहेब लय शिकलेला हाय," काका खूश झाले. नावांखालच्या रेघा तेवढ्या राहिल्या, बहुतेक घरी यायच्या वाटेवरच्या गावांच्या. त्यासाठी माउसची उजवी कळ दाबून 'शब्दकोशात जोडा' म्हणायचं, हे मी दाखवलं. "म्हंजे मंजुरी मीच द्यायची?" असं म्हणून ते खुर्चीत सावरून बसले. बोरी मंजूर. पोखर्णी मंजूर.

शेवटी एकच रेघ उरली, पत्राच्या पहिल्या ओळीत, सुनेच्या नावाखाली. जिशा. काकांचा हात माउसवरून उठून खिशातल्या पेनाकडे गेला. दारात काकू पदर घट्ट धरून उभ्या होत्या. मला राहवलं नाही. "काका, रेघ राहिली तरी पत्र जातं. तिला ती दिसत नाही."

"मला तर दिसायलीय ना," ते म्हणाले आणि त्यांनी कळ दाबली. "जिशा मंजूर." तीन वर्षांत त्यांनी ते नाव पहिल्यांदा उच्चारलं आणि खुलासा मागितला नाही. काकू वरणाची डाळ धुवायला आत गेल्या.

पत्र त्याच दिवशी गेलं. पुढे लवकरच माझी बदली झाली, ते घर सुटलं. जिशाला मी कधी पाहिलं नाही. पण अजून पडद्यावर कुणाच्या नावाखाली लाल रेघ आली की मला काकांची फार आठवण येते, आणि हातातलं काम ठेवून मी आधी ते नाव मंजूर करून टाकतो.