नुसते ओठ हलव

गाण्याच्या बाईंची आणि भोंग्याची पहिली भेट पाचवीच्या वर्गात झाली. शाळेची इमारत भक्कम होती म्हणून निभावलं. भोंगा म्हणजे दोन वेण्यांची, एक दात पडलेली वीतभर मुलगी. बाईंनी पेटीवर सूर धरला, मुलीने तोंड उघडलं, आणि प्रयोगशाळेतल्या सरांनी धावत जाऊन गॅस बंद केला. शिपाई पाण्याची बादली घेऊन आला. शेजारच्या वर्गात झोपलेला एक मुलगा ताडकन उठून उत्तर देऊन बसला, तेही बरोबर. मुलीला 'भोंगा' हे नाव तिथल्या तिथे चिकटलं, आणि बाईंनी आपलं जुनं, हमखास औषध काढलं.

"बाळ, तू नुसते ओठ हलव हं."

असे नुसते ओठ हलवणारे दर वर्गात पाच-सात निघत. त्यांना मागच्या ओळीत उभं केलं की समूहगीत सुरेल. सव्वीस वर्षं बाईंनी शाळेची अब्रू अशीच राखली होती.

आता भोंगा दहावीत होती आणि बाई थकल्या होत्या. सकाळी घसा साथ देत नसे, दुपारनंतर गुडघे. त्यात हेडसरांनी बोलावून सांगितलं, "बाई, संस्थेचे लोक गाण्याचा तास बंद करायचा म्हणतात. दहावीचा प्रकल्प तुमच्याकडे देतो. असं काही करून दाखवा की त्यांची बोलती बंद झाली पाहिजे."

मुलांचं आधीच ठरलेलं होतं. स्पीकरवर गाणं लावायचं, सगळ्या वर्गाने त्यावर ओठ हलवायचे, आणि फाटकापासून व्हरांड्याच्या टोकापर्यंत एका दमात, न थांबता व्हिडिओ घ्यायचा. त्यासाठी तीन दिवस राखून ठेवले होते.

"ओठ हलवायला तीन दिवस?" घरी नवरा म्हणाला. "अगं, या घरात मी तीस वर्षं तेच करतोय."

बाईंना हसायचंही त्राण नव्हतं.

चाकांच्या खुर्चीला मोबाइल चिकटपट्टीने बांधला. खुर्चीमागून बाई उलट्या पावली चालत, हाताने ताल देत. पहिल्या खेपेला वर्गाच्या मॉनिटरचे ओठ एक ओळ पुढे पळाले. चौथ्या खेपेला खुर्ची कुंडीवर गेली. ज्या मुली खरोखर गोड गायच्या, त्या आवाजाविना दाढ दुखत असल्यासारख्या दिसत. सातव्या खेपेला बाईंचं लक्ष मागच्या ओळीकडे गेलं. एक तोंड अगदी अचूक हलत होतं. स्पीकरमधली गाणारी श्वास घेई तिथे श्वास, सूर लांबवी तिथे गळ्याची शीरसुद्धा ताठ.

"पुढे ये गं. हे कुठे शिकलीस?"

"तुमच्याकडेच, बाई. पाच वर्षं," भोंगा म्हणाली. टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागला.

"मधे कधी गायलीच नाहीस?"

"एकदा गायले होते. तुम्ही वळून बघितलंत."

बाईंनी तिला सगळ्यांच्या पुढे उभं केलं. दुसरं काही त्यांना सुचलं नाही.

अकराव्या खेपेला सगळं जमत आलं. शेवटच्या ओळीला बाईंनी खुर्चीसमोर येऊन ओठ हलवायचे होते. त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज आला. घोगरा, पण भरदार. सगळा व्हरांडा थबकला.

"बाई, नुसते ओठ!" भोंगा कुजबुजली.

पुन्हा घेतलं. पुन्हा आवाज. तिसऱ्यांदा बाईंनी दात आवळले, तर ओठही हलेनात.

"राहू द्या बाई," मॉनिटर समजुतीने म्हणाला. "गा तुम्ही खुशाल. तुमचा आवाज नंतर काढून टाकता येतो."

संस्थेच्या बैठकीत व्हिडिओ चार वेळा पाहिला गेला. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती सुरेल मुलं!" ते म्हणाले.

"साहेब, गंमत म्हणजे एकही मूल गात नाहीये," हेडसर अभिमानाने म्हणाले. "नुसता स्पीकर!"

अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि स्पीकरची किंमत विचारली.

संस्थेने शाळेला नवा स्पीकर दिला. गाण्याच्या तासाला आता टायपिंग शिकवतात.