पुस्तकावरचं नाव

माझ्या ताईला काविळीने नेलं.
तिचं काम ज्याने नेलं, तो नाशिकमध्ये मजेत फिरतोय.

आज ताईला जाऊन वर्ष झालं. आज मी गप्प बसणार नाही.

सुजाताताई पेठकडच्या एका पाड्यावर झेडपीच्या शाळेत शिकवायची. पहिलीची पोरं वर्गात मुकी बसायची. पुस्तकातली मराठी त्यांच्या घरात कोणी बोलतच नव्हतं.

मग ताईच त्यांची बोली शिकली.

पोरांच्या आयांजवळ, आज्यांजवळ बसून शब्द गोळा केले, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केले. नऊ वर्षं.
सगळं एका जुन्या लॅपटॉपवर. बॅकअप एका एक्स्टर्नल ड्राइव्हवर.

शब्दकोश होत आला तेव्हा नाशिकचे एक मोठे भाषातज्ज्ञ सर म्हणाले, "प्रस्तावना मी लिहितो." पेन ड्राइव्हवर अख्खी फाइल घेऊन गेले.

दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉप बसला. ड्राइव्ह लावला तर नुसता दिवा लागायचा, स्क्रीनवर काहीच यायचं नाही.

ताई तेव्हा हॉस्पिटलमध्ये होती. तिथूनच तिने सरांना फोन लावला. स्पीकर चालू होता, मी शेजारी होते.

"अहो बाई, तुम्ही मला काही दिलंच नव्हतं."

ताई भांडली नाही. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले. मला म्हणाली, "वही दे. आठवतील तेवढे लिहिते."

'ग'पर्यंत पोचली.

ती गेल्यावर चार महिन्यांनी सरांचा शब्दकोश आला. आत लिहिलंय, 'प्रत्येक शब्द मी स्वतः पाड्यापाड्यावर फिरून वेचला.'

मी तो विकत आणला. पान उलटता उलटता थांबले.

उजेडपाटी : संगणक.

हा शब्द कुठल्याच बोलीत नाही! ताईच्या वर्गातल्या एका पोरीने तिच्या लॅपटॉपला ठेवलेलं ते नाव. ताईने गमतीने फाइलमध्ये टाकलं होतं.

आता मला तो ड्राइव्ह उघडायचाच होता.

दोन दुकानांनी परत पाठवलं. तिसरे भद्रकालीतले अन्वरभाई. त्यांनी केबल बदलली, दुसऱ्या कम्प्युटरला लावून बघितलं. काही नाही. लॅपटॉपची हार्ड डिस्क टक टक वाजत होती. "ही गेली, ताई. हिची आशा सोडा."

मग ड्राइव्ह कानाला लावला.
"ही फिरतेय. डिस्क जिंदा आहे. वरचं कार्ड गेलंय फक्त."

कव्हर उघडून आतली डिस्क काढली, दुसऱ्या कार्डला जोडली.

फोल्डर दिसले.

पहिलीच फाइल लावली आणि दुकानात ताई बोलायला लागली. मला रडू फुटलं. अन्वरभाईंनी स्टूल पुढे सरकवलं.

रडून झाल्यावर मी हवी ती फाइल शोधली, मोबाइलवर घेतली. आणि वाट बघितली.

सरांचा सत्कार होता. हार, शाल, भरलेला हॉल. प्रश्नांची वेळ आली, मी हात वर केला.

"सर, उजेडपाटी हा शब्द तुम्हाला कुठे मिळाला?"

"फार गोड शब्द! पाड्यावरच्या एका वृद्ध बाईच्या तोंडून मी स्वतः ऐकला."

मी मोबाइल माइकला लावला.

"बाई, तुमची उजेडपाटी बंद पडली!" चिमुरड्या पोरीचा आवाज.
मग ताईचं हसू. "काय म्हणालीस? थांब, हे लिहूनच ठेवते."



मी म्हटलं, "ही माझी बहीण. वृद्ध व्हायला राहिली नाही."

सर शाल सावरत बसून राहिले. त्यांचा तो चेहरा मी जपून ठेवलाय. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

प्रकाशकांनी सगळं ऐकलं, ती पुस्तकं परत घेतली. नवीन आवृत्तीवर एकच नाव आहे. सुजाताचं.

काल सरांचा फोन आला. "मॅडम, झालं गेलं सोडा. पोस्ट वगैरे टाकू नका. तुमची बहीण मोठ्या मनाची होती."

होती, सर. म्हणून तुमचं फावलं.
मी तशी नाही.

सकाळी आई आणि मी पाड्यावर जाऊन आलो. शाळेत पुस्तकं दिली. पोरं मोठमोठ्याने वाचत होती, एकमेकांच्या चुका काढत होती. आई दारात उभी राहून ऐकत होती.

ताई, मनापासून आदरांजली.
तू त्याला माफ केलं असशील. मी करणार नाही.

तू निवांत झोप.