आबांच्या दहाव्याला कावळा शिवेना

मंडळी, आज सकाळी खारून नदीच्या घाटावर आमच्या आबांचा, म्हणजे आजोबांचा, दहावा होता.

आबांनी सदर बाजारात जन्मभर सायकली दुरुस्त केल्या. हातातली सायकल झाल्याशिवाय ते जेवत नसत.

पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. बाबा म्हणाले, "आबा, दुकान विकणार नाही." कावळा फांदीवरच. काकाही तेच म्हणाले, तरी तो हलेना. मी दोघांकडे संशयानं पाहून राहिलो.

शेवटी आजी पुढं आली. "अहो, सगळ्या सायकली झाल्या. आता जेवून घ्या."

कावळा लगेच उतरला.

घरी येताना आजीनं बाबा-काकांकडून दुकानाच्या चाब्या मागून घेतल्या. तुम्हाले काय वाटते, तिलेही माझ्यासारखाच संशय आला असेल का?