काजांवाचून अडलेली माणुसकी

गेली एकोणीस वर्षं सगळा कारखाना तिला काजवालीच म्हणायचा. कुणी कॉलर लावायचं, कुणी बाह्या जोडायचं, आणि मग काजं पाडायला शर्ट तिच्यापुढे यायचा. मशीनची पाती खाली आली की कापड चिरायचं आणि दोरा त्या चिरेभोवती फिरायचा. तिची जीभही साधारण अशीच चालायची, फक्त चिरल्यावर दोरा फिरवायची पद्धत तिला मान्य नव्हती.

त्या वर्षी मालकांना माणुसकीचा झटका आला. खरं तर झटका आला होता माल विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीला. मालकांना त्याची लागण झाली. तिकडच्या गिऱ्हाइकांना आता नुसते स्वस्त कपडे नको होते, घातल्यावर मनालाही बरं वाटेल असे स्वस्त कपडे हवे होते. म्हणून प्रत्येक शर्टाच्या मानेपाशी एक रेशमी पट्टी लावायची ठरली. तिच्यावर छापलं होतं: 'माणुसकीने शिवलेला'. जेवणाच्या खोलीत फलक लागला, 'दया वाटल्याने वाढते'. फलकाखाली पाण्याचा नळ होता. त्याला पाणी नव्हतं.

"पट्टी सरळ लावा," सुपरवायझरने बजावलं. "वाकडी माणुसकी परत येते."

सोमवारी गेटवर खोक्यांनी भरलेला ट्रक आला. खोक्यांत अर्धवट शिवलेले शर्ट होते. कॉलर, बाह्या झालेल्या. काजं, बटणं आणि माणुसकी बाकी. काजवालीने एक शर्ट उलटा करून शिलाई पाहिली. हात चांगला होता, टाका एकसारखा. अशा बायकांनी काम अर्ध्यावर का टाकावं? तिने ड्रायव्हरला गाठलं.

"समुद्रापलीकडून आलाय माल, त्याच परदेशी कंपनीचा," ड्रायव्हर म्हणाला. "बंदरावर बोलत होते. तिथे इस्त्रीच्या वाफेची नळी फुटली, दोघी भाजल्या. बाकीच्या बायका दारात बसल्यात. त्यांचं औषधपाणी करा, नळ्या बदला, तोवर मशीनला हात लावणार नाही म्हणतात. मग त्यांच्या मालकाने काय केलं? माल उचलला आणि दिला इकडे पाठवून."

"म्हणजे त्या बसल्यात आणि आपण त्यांना उठवायचं."

"मी फक्त ट्रक चालवतो, मावशी," असं म्हणून ड्रायव्हर निघून गेला.

दुपारी डबे उघडले तसा हा विषयही उघडला. काजवालीच्या शेजारी बसणारी कॉलरवाली सगळ्यांत आधी कडाडली, "ओळख ना पाळख! त्या आपल्या कोण लागतात?"

"जावा लागतात," काजवाली म्हणाली. "एकाच सासूच्या हाताखाली राबतोय. घरं तेवढी वेगळी."

"माझं नि माझ्या जावेचं एक दिवस पटलं नाही."

"पटायला कशाला हवं? सासूशी भांडण झालं की तिने सासूची बाजू घेऊ नये, एवढं पुरे."

बायका हसल्या, पण कुणी हो म्हणालं नाही. त्या संध्याकाळी भांडी घासताना काजवालीच्या हातून दोन कप फुटले. तिचा नवरा गुडघे धरून घरी बसलेला निवृत्त पहारेकरी होता. तिच्याकडून खोक्यांची हकीकत ऐकून तो म्हणाला, "आता या वयात पुढारी व्हायची हौस आलीय का?"

"पुढाऱ्यांना बसायला खुर्ची मिळते. मला स्टूल आहे," ती म्हणाली आणि तुकडे गोळा करत राहिली.

सकाळी त्या शर्टांचा पहिला गठ्ठा तिच्यापुढे आला. तिने तो बाजूला सरकवला, मशीनवर कव्हर घातलं आणि हाताची घडी घालून बसली.

"मशीन बिघडलं?" सुपरवायझरने विचारलं.

"मशीन ठणठणीत आहे. मी बिघडलेय."

मॅनेजरसाहेब धावत आले. आधी त्यांनी प्रेमाने समजावलं, मग तिच्या वयाची आठवण करून दिली, मग दाराकडे बोट दाखवलं. "तुमच्यावाचून काही अडत नाही!" शेवटी ते ओरडले.

"नाही ना? मग घाला बटणं कपाळात."

साहेबांनी दुसऱ्या लाइनीतल्या काज पाडणाऱ्या बाईला बोलावलं. तिच्या पोटात एकाएकी कळ आली आणि ती जी संडासात गेली ती तासभर बाहेर येईना. तिसरीला चष्मा सापडेना. तो तिच्या डोक्यावरच होता. आणि कॉलरवाली, जिचं कुणाशीच पटत नव्हतं, तिने आपल्याही मशीनचा दिवा मालवला. "अंधारात मला दिसत नाही," ती साहेबांना म्हणाली.

बुधवारी परदेशी कंपनीच्या पाहुण्या बाई माणुसकी कशी शिवतात ते पाहायला आल्या. सोबत दुभाषी होता. कव्हर घातलेलं मशीन पाहून त्यांनी कारण विचारलं.

"विश्रांती," साहेब म्हणाले. "आमच्याकडे यंत्रांनासुद्धा माणुसकीने वागवतात."

तेव्हा काजवाली उठली आणि सगळं सांगत सुटली. वाफेची नळी, भाजलेल्या दोघी, दारात बसलेल्या बायका, हा उचलून आणलेला माल. पाच मिनिटं बोलली. दुभाष्याने साहेबांकडे पाहिलं आणि त्याचं दीड वाक्य केलं. पण पाहुणीला मोजता येत होतं.

"त्या इतका वेळ बोलल्या," तिने दुभाष्याला विचारलं, "आणि झालं एवढंच? पुन्हा विचारा. सगळं सांगा."

या वेळी दुभाष्याने सगळं सांगितलं. पाहुणीने खोक्यांचे फोटो काढले, रेशमी पट्टीचा काढला, काजवालीचाही काढला. मग विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की. अजून वाटतेय. बघा, हात कसे गार पडलेत," म्हणत तिने आपला हात पाहुणीच्या हातात दिला.

पुढे काय झालं ते ड्रायव्हरकडूनच कळलं. भाजलेल्या बायकांच्या शर्टावर माणुसकीची पट्टी, ही गोष्ट वर्तमानपत्रात गेली तर काय होईल, या विचाराने परदेशी कंपनीचं काळीज द्रवलं. नऊ दिवसांत तिथल्या नळ्या बदलल्या, दोघींना चांगल्या दवाखान्यात हलवलं, खोकी परत गेली. एकीचा हात मात्र वाकडाच राहिला म्हणे.

काजवालीला कामावरून काढणं शक्य नव्हतं, कारण तिचा फोटो आता कंपनीच्या वार्षिक पुस्तकात होता. खाली छापलं होतं, 'समाधानी कामगार'. म्हणून तिची बदली झाली. एकोणीस वर्षांचा हात, आणि काम दिलं धागे कातरायचं, तेही दिवसभर उभ्याने. पाय सुजून खांबासारखे झाले. वर साहेबांनी तिला माणुसकी समितीवर घेतलं. कामगारांपैकी कुणीतरी हवंच होतं.

समितीच्या पहिल्या बैठकीत साहेब दयेवर पाऊण तास बोलले. काजवाली एकच वाक्य बोलली, "धागे कातरणाऱ्या तीस जणींना बसायला खुर्च्या द्या." इतिवृत्तात नोंद झाली की चर्चा खेळीमेळीत पार पडली. तिने हे वाक्य पुढच्या पाच बैठकांत पाच वेळा म्हटलं. तिचं म्हणणं झालं की दारात थांबलेल्या बायका तेच वाक्य एका सुरात म्हणायच्या. सर्वांत मोठा आवाज कॉलरवालीचा.

सहाव्या बैठकीनंतर चार खुर्च्या आल्या. चार खुर्च्या आणि तीस बायका. आता त्या पाळीपाळीने बसतात, अर्धा अर्धा तास. ज्यांच्या पोटात बाळ आहे त्यांना पाळीची वाट पाहावी लागत नाही. बाकीच्यांची रोज भांडणं होतात, आणि ती सोडवायला काजवालीलाच आपल्या पाळीतून उठावं लागतं.